प्याल्यातलं जांभूळ

आमच्या मंडळीत प्रभूच्या रक्ताचा रंग जांभळाचा होता. बाकी जगात तो द्राक्षांचा असतो हे मला फार उशिरा कळलं, आणि पहिल्यांदा तो द्राक्षरस चाखला तेव्हा मला तो अगदीच पाणचट वाटला. नांदेडहून माहूरकडे जाणाऱ्या वाटेवर, जिथे द्राक्षाचा घड फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसायचा अशा एका गावात, माझे वडील ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. पाळक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दगडी इमारत, उंच मनोरा आणि घंटा येते. आमचं देऊळ म्हणजे एक लांबट खोली होती. शेणाने सारवलेली जमीन, पत्र्याचं छप्पर, आणि एक हार्मोनियम, जिचे दोन सूर कायमचे बसले होते. ते दोन सूर आले की सगळी मंडळी गळ्याने भरून काढायची. देवळाला लागूनच आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि दोन्ही छपरांवर अर्धं अर्धं वाकलेलं परड्यातलं जांभळाचं झाड.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभूभोजन असायचं. येशूच्या देहाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि त्याच्या रक्ताची आठवण म्हणून प्याल्यातला एक घोट, असा तो विधी. प्याल्यासाठी बाबा नांदेडहून काळ्या मनुका आणायचे आणि माय त्या उकळून त्यांचं पाणी काढायची. एका वर्षी मनुकांना अळ्या लागल्या. शनिवारी दुपारी बाबा डोक्याला हात लावून बसले होते. माय भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘परड्यात एवढं झाड हाय. त्याला काय देवानं केलं न्हाई?’’ बाबांनी त्या महिन्याचा विधी पुढे ढकलला आणि तीन दिवस विचार केला. बाबा मीठ कमी पडलं तरी प्रार्थना करून मग मागणारे. चौथ्या दिवशी ते मायला म्हणाले, ‘‘काढ रस.’’ त्या दिवसापासून प्याला जांभळाचा झाला तो माय असेपर्यंत.

मृग निघून गेला की आमच्याकडे हे काम सुरू व्हायचं. मंडळीतल्या चार बाया चादरीची चार टोकं धरून झाडाखाली उभ्या राहायच्या आणि मी वर चढून फांद्या हलवायची. जमिनीवर पडून फुटलेलं जांभूळ पोरांचं, चादरीत पडलेलं प्रभूचं. माय ती धुऊन मोठ्या पातेल्यात हाताने कुस्करायची, साखर घालून आटवायची, बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि बाटल्या भरून ओल्या वाळूत रोवून ठेवायची. रस ती एवढा दाट ठेवायची की घोटभर प्यालं तरी जीभ रात्रीपर्यंत जांभळी राहायची. तिची बोटं तर दिवाळीपर्यंत तशीच. त्या दिवसांत घरात दोनच आवाज असायचे. एक पत्र्यावर टपटप पडणाऱ्या जांभळांचा आणि दुसरा येरझाऱ्या घालत रविवारचं प्रवचन पाठ करणाऱ्या बाबांचा. दुपारी अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि लसणाचा ठेचा. माझी धाकटी बहीण कृपा, तीन वर्षांची, भाकरीचा पापुद्रा सोलून फक्त तोच खायची आणि बाकीची भाकर मुकाट्याने माझ्या ताटात सरकवायची.

जांभळावरचं बाबांचं एक प्रवचन होतं. ते दरवर्षी त्याच सुमाराला व्हायचं आणि आम्हा पोरांना ते शब्दन् शब्द यायचं. हे फळ कुणी पिकवत नाही, कुणी राखत नाही, म्हणायचे. ते आपण होऊन खाली पडतं, पायाखाली येतं, फुटतं, आणि फुटल्याशिवाय त्याचा रस कुणाच्या कामी येत नाही. आमचा प्रभूही असाच पडला आणि तुडवला गेला. पहिला घास तुरट लागतो, घसा धरतो, गोडी मागून येते. आणि शेवटी, थोडं थांबून, मंडळीकडे बोट करून, ‘‘जांभूळ खाल्लेल्या माणसाला लपता येत नाही. त्याची जीभच सांगते. ज्यानं प्रभूला चाखलं त्याचंही तसंच दिसलं पाहिजे.’’ मला हे प्रवचन फार आवडायचं, कारण ते मला परड्यात जाऊन पडताळून पाहता यायचं. आमचं दृढीकरण, म्हणजे मोठेपणी मंडळीत रीतसर घेण्याचा विधी, व्हायचं होतं, म्हणून पोरांना प्याला नसायचा. बाटलीत कुणी बोट घातलं की काय हे बघायला बाबा सगळ्यांना ओळीने उभं करून म्हणायचे, ‘‘जीभ दाखवा.’’ मोठी माणसंही देवळाबाहेर आली की एकमेकांना जिभा दाखवून हसायची. गावातले लोक म्हणायचे, आज पाळकसाहेबांकडे सण झाला वाटतं.

आता मी लातूरला असते. शाळेची नोकरी संपली, साखर मागे लागली. डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या, आजी, जांभळं खात जा. मी हो म्हटलं. आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगून बरं वाटेल असंही नाही. पण माझ्या मागे हे ठाऊक असणारं कुणी राहणार नाही, आणि एक खोटं माझ्या नावावर तसंच पडून राहील, म्हणून लिहिते आहे.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी दसऱ्यानंतर कृपाला ताप आला आणि तो उतरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. नांदेडला नेलं, तिथे आठ दिवस ठेवलं आणि परत पाठवलं. बाबांनी उपास धरला, मंडळीने आळीपाळीने प्रार्थना केल्या. कृपाने भाकरीचा पापुद्राही सोडला. शेजारी धोंडाबाई मावशी होत्या. घरची शेती, सात लेकरं, आणि आमच्या मायवर बहिणीसारखा जीव. बाबा चार दिवसांच्या दौऱ्यावर सायकल घेऊन खेड्यापाड्यांत गेले होते. त्या दुपारी मावशी येऊन उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुमच्या देवाला लई सांगून पाहिलंस ना माय? आता एकडाव गडावरच्या रेणुकामायला सांग. ती बी लेकराची माय हाय. मी येते संगट.’’  माय नुसती कृपाच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.त आम्ही चौघी होतो.

माहूरच्या पायऱ्या मायने कृपाला खांद्यावर घेऊन चढल्या. मावशी घेते म्हणाल्या तरी दिलं नाही. वर गर्दी होती. मायला ओटी कशी भरतात ते येत नव्हतं. मावशींनी तिच्या हातांना धरून नारळ, खण, तांदूळ सगळं करवून घेतलं, आणि माझी माय, पाळकसाहेबांची बायको, जिला शास्त्रातली वचनं मुखोद्गत होती, ती देवीपुढे डोकं टेकून म्हणाली, ‘‘मला तुझं नाव घ्यायचा हक न्हाई. पण लेकरू वाचव.’’ प्रसाद म्हणून तिथे तांबूल देतात, दगडी खलात कुटलेला गोड विडा. मी असं काही जन्मात खाल्लं नव्हतं. माय आणि मावशींनी आपापला तोंडात टाकला. उतरताना मायने नळावर तोंड धुतलं, माझंही धुतलं, जीभ पदराने पुसून काढली, आणि एवढंच म्हणाली, ‘‘बाबाला मी सांगीन. तू बोलू नको.’’

मी बोलले नाही. माझी चूक वेगळीच झाली. मावशींनी त्यांच्या वाटणीचा उरलेला तांबूल पानात बांधून माझ्या हाती दिला होता, आणि तो मी फ्रॉकच्या खिशात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली बसून मी तो खाल्ला. हळूहळू, पुरवून पुरवून. बाबा एक दिवस आधीच परत आले. सायकल झाडाला टेकवली, माझ्याकडे बघितलं, आणि सवयीने, हसत, म्हणाले, ‘‘काय गं मार्था, काय चोरून खातेस? जीभ दाखव.’’ जांभळांचा तो हंगाम नव्हता. मी जीभ दाखवली. बाबांचं हसू हळूहळू मावळलं. त्या भागात राहणाऱ्या कुणालाही ती लाल जीभ आणि तो वास कळतो. ते घरात गेले. माय नाही म्हणाली नाही. ‘‘हाव, गेले होते,’’ म्हणाली. ‘‘तुम्ही आले की सांगणारच होते.’’ पण आधी सांगणं आणि पकडलं जाणं यांत फरक असतो, आणि तो फरक माझ्यामुळे पडला. एवढ्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं, की पोरच होतीस, अकरा वर्षांची. उपयोग होत नाही.

गडावरून आल्यापासून नवव्या दिवशी कृपा गेली. सकाळी, माय तिला वाटीने पाणी पाजत असताना. बाबांनी स्वतः तिचा दफनविधी केला, आवाज कुठेही न हलू देता. घरी आल्यावर मात्र ते परड्यात झाडाच्या बुंध्याला कपाळ लावून उभे राहिले, ते पार दिवेलागणीपर्यंत. नवस केला म्हणून लेकरू गेलं, असं ते कधीही म्हणाले नाहीत. पण ते तसं मानतात असं मायला वाटलं, आणि एकदा वाटलं ते तिच्या मनातून निघालं नाही. नियम असा होता की मूर्तीपुढे नवस केलेल्याला प्रभूभोजन नाही. त्याने मंडळीपुढे उभं राहून चुकलो म्हणायचं, मग प्याला परत मिळायचा. हाच नियम बाबांनी आधी दोन घरांना लावला होता. घरात त्यांनी मायची अक्षरशः विनवणी केली. ‘‘दोन शब्द बोल. मी डोळे मिटून घेतो. पण बोल.’’ माय म्हणाली, ‘‘लेकरासाठी गेले. ते पाप होतं, असं मी म्हणणार न्हाई. देवापुढं न्हाई, माणसांपुढं तर न्हाईच.’’ पुढच्या पहिल्या रविवारी तिनेच थापलेली भाकर आणि तिनेच गाळलेला रस घेऊन बाबा रांगेतून आले आणि तिच्यापुढून पुढे गेले. तिचे हात तेव्हाही पुढे धरलेले होते. ते तिने पदराखाली घेतले.

मला बाबांचा राग आला. एवढा की तो राग मला जेवणासारखा लागायचा, रोज, वेळच्या वेळी. माय दर महिन्याला बाटली काढून द्यायची, फडक्याने पुसून. घरात बोलणं म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच उरलं. आणि मग एका पहिल्या रविवारी, जेवताना, बाबांनी प्रार्थनेसाठी तोंड उघडलं आणि मला त्यांची जीभ दिसली. ती नेहमीसारखी होती. जांभळी नव्हती. मला वाटलं चूळ भरली असेल. पण तो रंग चुळीने जात नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पुढच्या महिन्यात मी पाळत ठेवली. सगळ्यांना देऊन झाल्यावर ते शेवटी स्वतः प्याला ओठांना लावायचे, डोळे मिटायचे, आणि उपासना संपल्यावर उरलेला रस एकटे जाऊन झाडाच्या मुळाशी ओतायचे. जेवताना जीभ स्वच्छ. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मायला प्याला बंद केल्यापासून बाबांनी स्वतःही घोट घेतला नव्हता. मंडळीला फसवत होते, देवाच्या टेबलाशी उभं राहून फसवत होते, आणि कुणाला सांगत नव्हते. मायला तर नाहीच.

मला हे कळलं होतं आणि मी ते मायला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे नीट सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. भीती नव्हती. मला वाटायचं, सांगितलं तर माय विरघळेल, आणि माय विरघळली तर बाबा सुटतील. ते सुटू नयेत असं मला वाटत होतं. लहान मुलं निरागस असतात असं म्हणणाऱ्यांचं मी नेहमी गप्प बसून ऐकून घेते.

उन्हाळ्यात माय खंगत गेली. पायांना सूज आली, मग तोंडाला. नांदेडच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं काहीतरी सांगितलं आणि घरी न्या म्हणाले. जांभळं पिकली तेव्हा ती बाजेवर होती. बाया आल्या, चादर धरली, मी झाडावर चढले; रस धोंडाबाई मावशींनी आटवला, मायला विचारून विचारून. त्या दिवशी दुपारी बाबा देवळातून आले ते हातात प्याला आणि ताटलीत भाकरीचा तुकडा घेऊन. मी मायच्या उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बाबा बाजेशी गुडघ्यांवर बसले. मी त्यांना असं कुणापुढे बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाले, ‘‘घे. काही बोलायचं नाही, काही कबूल करायचं नाही. मंडळीला मी उत्तर देईन. देवालाही मीच देईन.’’ माय बराच वेळ प्याल्याकडे बघत राहिली. पत्र्यावर जांभळं पडत होती. मग ती म्हणाली, ‘‘इतके महिने तुम्ही पिऊन ऱ्हायले, माझ्याबिगर. घोट उतरला ना गळ्याखाली? मग आता बी तुम्हीच प्या.’’ आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

बाबांनी एक वाक्य बोलायचं होतं. त्यांचे ओठ हलले, मला दिसलं, आणि मिटले. आपण केलेला उपास मोलासारखा पुढे करणं त्यांना जमलं नसावं. ते वाक्य मलाही ठाऊक होतं. मी तांब्या धरून उभी होते, आणि माझ्या मनात, देव मला क्षमा करो न करो, एवढंच आलं, की माय जिंकली. बाबा प्याला घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माय गेली. तिची बोटं त्या वर्षी पांढरी होती.

त्यानंतर बाबांनी जांभळावरचं प्रवचन केलं नाही. नांदेडहून मनुका येऊ लागल्या, न चुकता, चांगल्या. मला बोर्डिंगात घातलं, पुढे शिक्षण, लातूरला नोकरी. बाबा थकले तेव्हा माझ्याकडेच आले, दोन खोल्यांत आम्ही दोघं. त्यांच्याशी मी चांगली वागले, असं शेजारी म्हणतात.

एकदा रेणापूर नाक्यावरच्या गाड्यावरून मी जांभळं आणली. त्यांना सोसतील की नाही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी वाटी पुढे ओढली आणि एक एक करत सगळी खाल्ली, बिया मुठीत धरून. मग, काय मनात आलं कुणास ठाऊक, माझ्याकडे बघून त्यांनी जीभ बाहेर काढली. जांभळी. हसले. ऐंशीच्या पुढचं तोंड, दात नाहीत, आणि लहान पोरासारखी ती जीभ. माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, ‘‘बाबा, तेव्हा तुम्ही पीत नव्हतात. मी बघितलं होतं.’’

त्यांचं हसू गेलं नाही, पण डोळे बदलले.  मग पुढे वाकून, अगदी हलक्या आवाजात विचारलं, ‘‘तिला सांगितलं होतंस?’’

किती वर्षं तो प्रश्न त्यांच्यापाशी होता ते मला तेव्हा कळलं. मी नाही म्हटलं असतं तर तो म्हातारा जीव माझ्यासमोर मोडला असता, असं मला वाटलं. त्यांना एवढं तरी द्यावं, म्हणून मी म्हणाले, ‘‘हो बाबा. सांगितलं होतं. मायला ठाऊक होतं.’’

बाबांनी मुठीतल्या बिया एक एक करून वाटीत ठेवल्या. ‘‘अस्सं,’’ म्हणाले. ‘‘ठाऊक होतं. आणि तरी तिनं तोंड फिरवलं.’’

मी म्हणायला हवं होतं की नाही, मी खोटं बोलले. पण मग सांगितलं का नाहीस, हेही सांगावं लागलं असतं. मी वाटी उचलली आणि धुवायला गेले. परत आले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यानंतर ते दोन महिने जगले, आणि त्या दोन महिन्यांत मला रोज सकाळी चहा देताना वाटायचं, की आज सांगू.

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आज मी पावशेर जांभळं आणली. ती समोर ताटलीत आहेत. मायला ठाऊक नव्हतं, बाबा. मी तिला सांगितलं नाही.